निरुपद्रवी इशाऱ्यांचा प्रश्न : लिनक्स कर्नलमधील ड्रायव्हर-दुरुस्त्यांच्या वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि त्या गाभ्याला वाय-फाय कार्ड, साउंड कार्ड किंवा तापमान मोजणारी चिप अशा एखाद्या विशिष्ट उपकरणाशी व्यवहार करता यावा म्हणून लिहिलेल्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये आज निम्म्याहून अधिक कोड ड्रायव्हरांचा आहे आणि तो जगभरच्या हजारो लोकांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या उपकरणांसाठी लिहिलेला आहे. हा कोड कंपाइल होताना, म्हणजे कंपायलर या प्रोग्रामकडून यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलला जाताना, किंवा प्रत्यक्ष यंत्रावर चालताना अधूनमधून इशारे देतो, ज्यांना या क्षेत्रात वॉर्निंग म्हणतात. त्यांपैकी काही इशारे खऱ्या चुकीकडे बोट दाखवतात. परंतु पुष्कळ इशाऱ्यांची तपासणी केल्यावर असे आढळते की कोड बरोबर आहे, उपकरण नीट चालते आहे आणि वापरणाऱ्याला कसलाही धोका नाही. अशा निरुपद्रवी इशाऱ्यांचे काय करावे, म्हणजे ते तसेच राहू द्यावेत, एखादी खूण घालून गप्प करावेत, की ते उद्भवणारच नाहीत असा कोड बदलावा, हा या आढाव्याचा विषय आहे.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, कारण अशी दुरुस्ती बहुधा एक-दोन ओळींची असते. तरीही तो दोन दशकांहून अधिक काळ चर्चेत राहिला आहे, कारण या दोन ओळींत तपास-साधनांवरचा विश्वास, कोड तपासणाऱ्या माणसांचा वेळ आणि चालत असलेल्या कोडाला हात लावण्याची जोखीम या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. पुढील विवेचन मुख्यतः लिनक्सपुरते आहे. त्यातील बहुतेक निर्णय आणि त्यांची कारणे कोडाच्या इतिहासात जाहीरपणे नोंदलेली असल्याने दोन्ही बाजू तपासून पाहता येतात.

पार्श्वभूमी

ड्रायव्हरांकडे संशयाने पाहण्याची सुरुवात एका संशोधनापासून झाली असे म्हणता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अँडी चाउ, डॉसन एंग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली लिनक्सच्या अनेक आवृत्त्या स्वयंचलित साधनाने तपासून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की काही प्रकारच्या चुकांचे ड्रायव्हरांमधील प्रमाण उर्वरित कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आहे. याच गटाच्या कामातून कव्हेरिटी ही कंपनी उभी राहिली. तिने २००४ च्या अखेरीस लिनक्सच्या २.६ मालिकेतील सुमारे ५७ लाख ओळींत ९८५ दोष आढळल्याचे जाहीर केले. दरम्यान टोरवाल्ड्स यांनी स्वतः २००३ साली स्पार्स हे तपास-साधन लिहिले. वापरकर्त्याच्या स्मृतीतला पत्ता कर्नलच्या स्वतःच्या पत्त्यासारखा वापरला जाणे यांसारख्या, कंपायलरला न दिसणाऱ्या चुका ते पकडते. फ्रान्समधील संशोधक जुलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कॉक्सिनेल या साधनाने तर एकच नियम लिहून शेकडो ड्रायव्हरांत एकाच धर्तीची दुरुस्ती करण्याची सोय केली.

या साधनांचा परिणाम झाला. २०११ साली लॉल यांच्या गटाने २००१ चा अभ्यास नव्याने केला, तेव्हा ड्रायव्हरांतील दोषांचे प्रमाण बरेच खाली आले होते आणि प्रोसेसरच्या प्रकारानुसार लिहिलेल्या विभागासारखे काही भाग त्यांच्या पुढे गेले होते. दोषांचे प्रमाण घटले तशी इशाऱ्यांतील खऱ्या-खोट्यांची वाटणीही बदलली, ही गोष्ट मात्र चर्चेत फारशी येत नाही. सहज सापडणारे खरे दोष काढून टाकले की तेच साधन पुढे जे इशारे देत राहते, त्यांत निरुपद्रवी इशाऱ्यांचा वाटा आपोआप वाढतो. कव्हेरिटीच्या संस्थापकांनी २०१० साली आपला अनुभव मांडताना लिहिले की खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपलीकडे गेले की लोक साधनाकडेच दुर्लक्ष करू लागतात. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या अनुभवात आहे.

असे इशारे उद्भवतात कसे

निरुपद्रवी इशारे एकाच जातीचे नसतात आणि सर्वांवर एकच उपाय सुचवणारी कोणतीही भूमिका टिकत नाही. म्हणून मतमतांतरांकडे वळण्यापूर्वी त्यांचे उगम पाहणे आवश्यक आहे.

पहिला उगम कॉन्फिगरेशनचा, म्हणजे कर्नल बांधताना कोणत्या सुविधा ठेवायच्या आणि कोणत्या वगळायच्या या निवडीचा आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण संगणक झोपवणे आणि जागा करणे यांसाठी ड्रायव्हर जी दोन फंक्शने पुरवतो त्यांचे आहे. ही फंक्शने एका तक्त्यात नोंदली जातात. परंतु वीजबचतीची सुविधा वगळून कर्नल बांधला तर तक्ता भरणाऱ्या जुन्या मॅक्रोमुळे, म्हणजे कोडातील संक्षेपामुळे, तो तक्ता रिकामा होत असे, फंक्शने लिहिलेली असूनही कोणी वापरत नसे आणि ‘लिहिले आहे, पण वापरले नाही’ असा इशारा कंपायलर देत असे. कोडात चूक कोणतीच नव्हती, वाया जाणाऱ्या थोड्या जागेपलीकडे नुकसानही नव्हते; तरी असे इशारे शेकडो ड्रायव्हरांत येत राहिले.

त्यावर क्रमाने तीन उपाय झाले आणि तिन्हींचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. प्रथम ती फंक्शने अटीच्या कंसात, म्हणजे इफडेफ या पूर्वप्रक्रियेच्या सूचनेत, घातली जात. सुविधा वगळली की कोडही वगळला जाई. पण ‘वीजव्यवस्थापन’ आणि ‘झोपवण्याची सोय’ हे दोन वेगळे पर्याय असल्याने चुकीच्या पर्यायाची अट लिहिली जाण्याचे प्रकार सतत घडले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की वगळलेला कोड कंपायलरच्या नजरेलाच पडत नाही, त्यामुळे त्यातील खऱ्या चुकाही लपून राहतात. दुसऱ्या टप्प्यात अट काढून फंक्शनवर ‘कदाचित न वापरलेले’ अशा अर्थाची खूण लावण्याची पद्धत आली. एकामागून एक उपविभागांत असे इशारे शोधून दुरुस्त करण्याचे काम अर्न्ड बर्गमन यांनी अनेक वर्षे चिकाटीने केले, आणि या पद्धतीच्या प्रसारात त्या कामाचा वाटा मोठा आहे. या पद्धतीत कोड नेहमी कंपाइल होतो आणि अनावश्यक ठरला तर कंपायलर तो टाकून देतो. मात्र उद्या ते फंक्शन खरोखरच निरुपयोगी झाले तरी ती खूण इशारा येऊ देत नाही. तिसरा उपाय पॉल सर्क्वेल यांनी आणला आणि तो मार्च २०२२ मध्ये आलेल्या ५.१७ या आवृत्तीत दाखल झाला. तक्ता भरणारे मॅक्रोच अशा रीतीने नव्याने लिहिले गेले की फंक्शनचा उल्लेख कंपायलरला कायम दिसतो, सुविधा वगळलेली असल्यास तो उल्लेख निष्प्रभ ठरतो आणि फंक्शन आपोआप गळते. त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अट घालावी लागत नाही आणि खूणही लावावी लागत नाही.

दुसरा उगम कंपायलरच्या तर्काच्या मर्यादेत आहे. एखाद्या चलाला मूल्य मिळण्यापूर्वीच ते वापरले जाण्याची शक्यता दिसली तर जीसीसी हा कंपायलर ‘कदाचित आरंभमूल्य नाही’ असा इशारा देतो. एका अटीखाली चलाला मूल्य दिले आणि पुढे त्याच अटीखाली ते वापरले, हे माणसाला वाचताक्षणी कळते. कंपायलरला ते कळेल की नाही, हे कोणते फंक्शन कोणात मिसळले गेले आणि ऑप्टिमायझेशनची पातळी कोणती होती यांवर ठरते. म्हणून तोच कोड एका आवृत्तीत शांत असतो आणि दुसऱ्या आवृत्तीत तक्रार करतो. जीसीसी ७ पासून आलेला मजकूर-लांबीविषयीचा इशारा याच वर्गातला आहे. उपकरणाचे नाव आणि क्रमांक जोडून सोळा अक्षरांच्या जागेत लिहिताना क्रमांक कधीच दोन अंकांपुढे जात नाही हे लेखकाला माहीत असते; कंपायलर मात्र अंकाच्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या आणि उणे चिन्ह गृहीत धरून जागा अपुरी ठरवतो.

तिसऱ्या उगमातले इशारे वापरणाऱ्याला थेट दिसतात, कारण ते कर्नल सुरू होताना संदेश-नोंदीत उमटतात. ड्रायव्हर आपल्या उपकरणासाठी घड्याळ, वीजपुरवठा यांसारखी साधने मागतो, आणि ती पुरवणारा दुसरा ड्रायव्हर अजून तयार नसेल तर कर्नल त्याला उणे ५१७ हा संकेतांक देऊन ‘नंतर पुन्हा प्रयत्न कर’ असे सांगतो. पुष्कळ ड्रायव्हर या संकेतांकाला इतर अपयशांसारखेच समजून त्रुटीचा संदेश छापत. क्षणभराने पुढचा प्रयत्न यशस्वी होऊन उपकरण चालू होई, पण नोंदीतली त्रुटी तशीच राही आणि वाचणाऱ्याला निष्कारण शोधाशोध करायला लावी. २०२० मधील ५.९ या आवृत्तीत या कामासाठी एक सामाईक फंक्शन आले; कारण ‘नंतर प्रयत्न कर’ हे असेल तर ते मोठ्याने बोलत नाही, फक्त थांबण्याचे कारण बाजूला नोंदवून ठेवते, आणि खरे अपयश असेल तरच त्रुटी छापते. वाय-फाय ड्रायव्हरांची गत थोडी निराळी होती. इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर फर्मवेअरची, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, नव्यात नवी आवृत्ती आधी मागतो आणि ती नसेल तर एकेक पायरी खाली उतरतो. प्रत्येक पायरीला ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश उमटे. अशा प्रसंगांसाठी २०१८ मधील ४.१८ या आवृत्तीत इशारा न देता फर्मवेअर मागण्याची वेगळी सोय करण्यात आली.

सामाईक फंक्शनाचा उपाय उलटाही पडू शकतो. ५.४ या आवृत्तीत, २०१९ साली, इंटरप्ट म्हणजे उपकरणाकडून येणारा लक्षवेधी संकेत मिळवण्याच्या फंक्शनातच त्रुटीचा संदेश घालण्यात आला. हेतू रास्त होता, कारण शेकडो ड्रायव्हर तोच संदेश स्वतःच्या शब्दांत छापत होते आणि ती पुनरुक्ती कॉक्सिनेलच्या मदतीने काढता आली. पण ज्या ड्रायव्हरांना इंटरप्ट असला तर हवा आणि नसला तरी चालतो, त्यांच्याही नोंदीत आता त्रुटी दिसू लागली, आणि अशा ड्रायव्हरांना शोधून ‘ऐच्छिक’ प्रकारच्या फंक्शनाकडे वळवावे लागले. अनावश्यक कोड काढताना नव्या निरुपद्रवी इशाऱ्यांची एक तुकडी तयार झाली, आणि ती निस्तरण्याचे काम मूळ बदल करणाऱ्यांपेक्षा इतरांच्याच वाट्याला अधिक आले.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका शून्य इशाऱ्यांची आहे. तिचे म्हणणे असे की बिल्डमध्ये, म्हणजे कर्नल बांधण्याच्या प्रक्रियेत, दोनशे निरुपद्रवी इशारे असतील तर दोनशे एकावा, घातक इशारा कोणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणून इशारा खरा असो वा खोटा, तो नाहीसा झालाच पाहिजे. टोरवाल्ड्स स्वतःच्या नेहमीच्या बिल्डमध्ये एकही इशारा खपवून घेत नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये, ५.१५ च्या तयारीच्या काळात, त्यांनी प्रत्येक इशाऱ्याला त्रुटी मानून बिल्ड थांबवण्याचा पर्याय सर्वांसाठी चालू केला. परिणाम तत्काळ दिसला : ज्या प्रोसेसर-प्रकारांकडे आणि कंपायलर-आवृत्त्यांकडे रोज कोणी पाहत नव्हते, तिथले बिल्ड धडाधड अडू लागले. काही दिवसांतच हा पर्याय चाचणी-बिल्डपुरता मर्यादित करण्यात आला. धोरणाचे तत्त्व कायम राहिले, त्याची व्याप्ती मात्र आकसली.

दुसरी भूमिका सावधगिरीची आहे आणि ती बहुधा मेंटेनर, म्हणजे कोडाच्या एकेका भागाची जबाबदारी सांभाळणारे लोक, मांडतात. चालत असलेल्या ड्रायव्हरातील प्रत्येक बदल हा नव्या चुकीची संधी असतो. उपकरण जुने असेल तर बदल तपासून पाहायला ते हाताशीही नसते. शिवाय एका ओळीच्या पॅचलाही, म्हणजे प्रस्तावित बदलालाही, वाचणारा माणूस लागतो आणि असे शेकडो पॅच आले की गुंतागुंतीच्या बदलांना मिळणारे लक्ष कमी होते. स्थिर आवृत्त्यांच्या, म्हणजे प्रसिद्ध झाल्यावर फक्त दुरुस्त्या घेत राहणाऱ्या आवृत्त्यांच्या, नियमांत हीच वृत्ती उतरलेली दिसते : तिथे लोकांना प्रत्यक्ष त्रास देणाऱ्या दोषाची दुरुस्ती हवी, शुद्धलेखन किंवा मोकळ्या जागा सुधारणारे किरकोळ बदल नकोत आणि आजूबाजूच्या ओळी धरून पॅच शंभर ओळींहून मोठा नसावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

तिसरी भूमिका दोष साधनावर ठेवते. ज्या इशाऱ्यात खोट्याचे प्रमाण फार, तो सर्वसाधारण बिल्डमधून काढून खास मागणी केल्यावरच द्यावा. यासाठी कर्नलच्या बिल्ड-व्यवस्थेत वाढत्या पातळ्यांचे तीन पर्याय आहेत. ‘कदाचित आरंभमूल्य नाही’ या इशाऱ्याचा प्रवास या भूमिकेची ताकद आणि तिची अडचण दोन्ही दाखवतो. २०१६ साली टोरवाल्ड्स यांनी तो सर्वत्र बंद केला; त्याच वर्षी बर्गमन यांनी उरलेली ठिकाणे दुरुस्त करून तो पुन्हा सुरू करवला; आणि मे २०२० मध्ये, जीसीसी १० ने इशाऱ्यांची नवी भर घातल्यावर, टोरवाल्ड्स यांनी तो पुन्हा वरच्या पातळीवर ढकलला. इशारा बंद केल्याने गोंगाट थांबला, पण त्याच इशाऱ्याने पूर्वी काही खऱ्या चुका दाखवल्या होत्या आणि पुढे दाखवल्या असत्या, हे बर्गमन यांच्या बाजूचे म्हणणे खोटे ठरत नाही.

चौथी भूमिका तुलनेने नवी असली तरी सध्या तिचाच जोर आहे. तिच्या मते एकेक इशारा दुरुस्त करत बसण्यापेक्षा ज्या संदिग्धतेतून तो उद्भवतो ती भाषेच्या किंवा इंटरफेसच्या पातळीवरच मिटवावी. सी भाषेतील स्विच रचनेत एका पर्यायातून पुढच्या पर्यायात आपोआप उतरणे कधी हेतुपूर्वक असते, तर कधी ‘ब्रेक’ लिहायचे राहून गेलेले असते. जीसीसी ७ ने २०१७ साली त्यावर इशारा आणला तेव्हा बहुसंख्य ठिकाणी उतरणे हेतुपूर्वकच होते. गुस्ताव्हो सिल्व्हा यांनी ही ठिकाणे एकेक वाचून खुणा घातल्या, त्या ओघात विसरलेले काही ‘ब्रेक’ही सापडले आणि २०१९ मधील ५.३ पासून हा इशारा सर्वत्र सुरू झाला. पुढे टिप्पणीतल्या खुणेची जागा कंपायलरला समजणाऱ्या खास शब्दाने घेतली. वीजबचतीचे नवे मॅक्रो याच विचाराचे फळ आहे. या भूमिकेवरचा आक्षेप खर्चाचा आहे : इंटरफेस बदलला की शेकडो ड्रायव्हर बदलावे लागतात, जुन्या स्थिर आवृत्त्यांत दुरुस्त्या नेणे अवघड होते आणि मधल्या काळात जुनी-नवी पद्धत शेजारी शेजारी नांदते. उपलब्ध अनुभव पाहता हा खर्च बहुतांशी सार्थकी लागला आहे, असे म्हणण्यास आधार आहे. कारण या मार्गाने गेलेले इशारे परत आलेले नाहीत आणि खुणा लावून गप्प केलेले पुन्हा पुन्हा आले आहेत.

चुकीच्या दुरुस्तीची किंमत

निरुपद्रवी इशारा गप्प करताना केलेली चूक किती महाग पडू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्नलबाहेरचे आहे. २००६ साली डेबियन या लिनक्स-वितरणात ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या ग्रंथालयातील दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी काढण्यात आल्या, कारण आरंभमूल्य नसलेली स्मृती वापरली जात असल्याची तक्रार एक तपास-साधन करत होते. एका ओळीबाबत ते खरे आणि निरुपद्रवी होते. दुसरी ओळ मात्र यादृच्छिक संख्यांसाठी लागणारी अनिश्चितता मिसळणारी मुख्य ओळ होती. मे २००८ मध्ये हा दोष उघड झाला तेव्हा मधल्या काळात बनलेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात सुमारे ३२ हजार शक्यतांपुरत्याच मर्यादित असल्याचे, म्हणजे सहज ओळखता येण्याजोग्या असल्याचे, स्पष्ट झाले. दोन ओळी सारख्या दिसल्या म्हणून त्यांचे कार्यही सारखेच मानले गेले, हे या प्रकरणाचे मर्म आहे आणि स्वयंचलित साधनाने शेकडो ठिकाणी एकच बदल करणाऱ्या प्रत्येकाला ते लागू पडते.

कर्नलमध्ये याच प्रवृत्तीचे सौम्य रूप एका मॅक्रोच्या आयुष्यात दिसते. चल स्वतःलाच नेमून देण्याची युक्ती वापरून आरंभमूल्याविषयीचा इशारा बंद करणारे हे मॅक्रो अनेक वर्षे प्रचलित होते. कोड पुढे बदलून चल खरोखरच मूल्याविना वापरले जाऊ लागले तरी इशारा येत नसे आणि काही खरे दोष त्याआड दडले. केस कुक यांनी २०२० मध्ये, ५.९ च्या सुमारास, त्याचा सर्व वापर काढून मॅक्रोच नाहीसे केले. चलाला निष्कारण शून्य देऊन इशारा थांबवण्याची सवय याहून साळसूद दिसते, पण तिचा परिणाम तोच होतो.

छोट्या पॅचांवरील विश्वासाचा प्रश्न २०२१ साली वेगळ्या प्रकारे उभा राहिला. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी किरकोळ दुरुस्ती भासवणाऱ्या पॅचांतून दोष घुसवता येतात का, याचा प्रयोग मेंटेनरांना न सांगता केल्याचे उघड झाले. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने त्या विद्यापीठाकडून आलेल्या ४३५ बदलांची फेरतपासणी केली. त्यांपैकी ३४९ बरोबर होते आणि ३९ सदोष असल्याने दुरुस्त करावे लागले. यावरून छोट्या पॅचांवर बंदी घालावी असे कोणी सुचवले नाही; पण ‘एक ओळ आहे, वाचायची काय गरज’ या समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही.

याच मालिकेत ताजी भर एप्रिल २०२५ ची आहे. जीसीसी १५ ने शेवटच्या शून्यचिन्हाला जागा न उरलेल्या मजकुरावर इशारा देण्यास सुरुवात केली. एसीपीआय या फर्मवेअर-मानकातील चार अक्षरी नावांना ते चिन्ह लागतच नसल्याने तिथला इशारा निरुपद्रवी होता. टोरवाल्ड्स यांनी ६.१५ ची तिसरी चाचणी-आवृत्ती काढण्याच्या तोंडावर ‘हा मजकूर नव्हे’ अशा अर्थाच्या खुणा घाईने घातल्या, पण जुन्या कंपायलरांवर त्याच बदलांमुळे बिल्ड बिघडले. या कामाचे पॅच आपण आधीच तयार ठेवले होते, अशी केस कुक यांची तक्रार होती. इशारा एका कंपायलरचा, दुरुस्ती सर्व कंपायलरांवर लादलेली, असा हा प्रसंग होता.

धावत्या कर्नलमधील इशारे

कंपायलरचा इशारा विकासकापुरता राहतो; धावत्या कर्नलमधला इशारा मात्र यंत्र बंद पाडू शकतो. ‘इथे कधीच पोहोचायचे नाही’ अशी खात्री असलेल्या जागी कर्नलमध्ये वॉर्न-ऑन ही तपासणी लिहितात. ती लागू झाली तर फंक्शनांचा माग नोंदीत छापला जातो आणि काम पुढे चालू राहते. परंतु असा इशारा येताच संपूर्ण यंत्रणा थांबवावी, अशीही एक सेटिंग उपलब्ध आहे आणि बिघडलेल्या स्थितीत चालत राहण्यापेक्षा थांबणे बरे मानणारे मोठे वापरकर्ते ती चालू ठेवतात. गूगलमध्ये विकसित झालेले सिझकॉलर हे साधन यादृच्छिक मागण्यांचा मारा करून कर्नलची परीक्षा घेते. तेही याच सेटिंगवर चालत असल्याने त्याच्या दृष्टीने प्रत्येक वॉर्न-ऑन हा दोषच ठरतो. यूएसबीच्या टोकाला विचित्र वर्णन देणारे खोटे उपकरण जोडले की एखाद्या ड्रायव्हरातील तपासणी लागू होते. स्मृतीला धक्का लागत नाही, ड्रायव्हर उपकरण नाकारून मोकळा होतो, आणि तरीही काही यंत्रांवर पूर्ण व्यवस्था कोसळते.

यावर दोन मते आहेत. स्थिर आवृत्त्यांची जबाबदारी सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन पॅच तपासताना वारंवार सांगत आले आहेत की बाहेरून पोहोचता येईल अशा जागी वॉर्न-ऑन नसावे. तिथे परिस्थिती हाताळून परत फिरावे. दुसरे मत २०२२ साली कर्नलच्या कोडलेखन-नियमांत नोंदले गेले : वॉर्न-ऑन सरसकट वापरू नये, पण ज्यांनी यंत्र थांबवण्याची सेटिंग स्वतःहून निवडली त्यांची चिंता करून आवश्यक तपासणी टाळूही नये. ही दोन मते प्रत्यक्षात दिसतात तितकी परस्परविरोधी नाहीत, कारण दोन्ही ‘अशक्य’ आणि ‘अनिष्ट पण शक्य’ यांत भेद करतात. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल-प्रकल्प आपल्या दोषांना सीव्हीई हे सुरक्षा-क्रमांक स्वतः देऊ लागला आणि वापरकर्त्याला पेटवता येणाऱ्या वॉर्न-ऑनलाही असे क्रमांक मिळू लागले, तेव्हा एका यंत्रावर निरुपद्रवी असलेला इशारा दुसऱ्या यंत्रावर सेवा बंद पाडणारा दोष म्हणून नोंदला जाऊ लागला.

इतर प्रणालींत

फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी यांचे कर्नल इशाऱ्यांना त्रुटी मानूनच बांधले जातात. त्यांना ते साधते याचे एक कारण असे की कंपायलर आणि कर्नल दोन्ही एकाच मूळ प्रणालीचा भाग म्हणून सोबत पुरवले जातात. लिनक्सला मात्र जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरांच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. विंडोजच्या ड्रायव्हर-विकासात मायक्रोसॉफ्टने संशोधनातून आलेले स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायरसारखे साधन विकासकांच्या हाती दिले. तिथले वाद मात्र बाहेर दिसत नाहीत.

अनिर्णित मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा नोंदीचा आहे. ज्या बदलामुळे दोष आला त्याचा संदर्भ देणारी ‘फिक्सेस’ ही ओळ पॅचमध्ये लिहिण्याची पद्धत आहे. निरुपद्रवी इशाऱ्याच्या दुरुस्तीला ती लावावी का, यावर एकमत नाही. लावली तर स्थिर आवृत्त्यांसाठी पॅच निवडणारी यंत्रणा ती दुरुस्ती उचलण्याची शक्यता वाढते आणि गरज नसताना जुन्या आवृत्त्यांत बदल जातात. न लावली तर इशारा कोठून आला हे पुढच्या वाचकाला कळत नाही. इशारा काढणाऱ्या आणि दोष काढणाऱ्या दुरुस्त्यांसाठी वेगवेगळ्या खुणा असाव्यात, हा मार्ग त्यातल्या त्यात समंजस वाटतो, पण तो अद्याप रूढ झालेला नाही.

दुसरा मुद्दा खुणांच्या आयुष्याचा आहे. इशारा गप्प करणारी खूण तिचे कारण संपल्यावरही कोडात राहते. रस्ट भाषेने, जिला ६.१ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये प्रवेश मिळाला आहे, यावर एक उत्तर दिले आहे : सप्टेंबर २०२४ च्या तिच्या १.८१ या आवृत्तीत ‘इथे इशारा अपेक्षित आहे’ अशी खूण स्थिर झाली आणि अपेक्षित इशारा आलाच नाही तर कंपायलर त्या खुणेविरुद्धच तक्रार करतो. कर्नलमधील रस्टच्या कोडात ही पद्धत स्वीकारली गेली. सी भाषेतील ड्रायव्हरांच्या नेहमीच्या बिल्डमध्ये अशी उलटतपासणी होत नाही आणि कर्नलचा फार मोठा भाग अजून सीमध्येच आहे.

तिसरा आणि सर्वांत अवघड मुद्दा श्रमाचा आहे. यादृच्छिक कॉन्फिगरेशन घेऊन अहोरात्र बिल्ड करणारी इंटेलची चाचणी-यंत्रणा इशारा सापडताच संबंधितांना कळवते. इशारा शोधण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे, तो खरा की खोटा हे ठरवण्याचा खर्च मात्र तेवढाच राहिला आहे आणि तो बहुतेकदा मेंटेनरवर पडतो. हा भार पॅच पाठवणाऱ्याने उचलावा अशी अपेक्षा वाढते आहे. पुणे, मुंबई किंवा अन्यत्र शिकणारे जे विद्यार्थी अशाच एखाद्या छोट्या दुरुस्तीने कर्नलच्या कामात पाऊल ठेवतात, त्यांच्याकडूनही तीच अपेक्षा आहे : कोणत्या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या कॉन्फिगरेशनमध्ये इशारा आला, तो निरुपद्रवी आहे हे कशावरून ठरवले आणि सुचवलेल्या बदलानंतर पुढे येऊ शकणारा खरा इशारा झाकला जाणार नाही याची खात्री कशी केली, एवढे त्यांनी पॅचच्या वर्णनात लिहावे, आणि हे लिहिता येत नसेल तर तो पॅच अजून पाठवू नये.